देखाव्यातून हलवलेली माणसं

जूनमध्ये आम्ही चौघं इंग्लंडला जाणार आहोत आणि बारा दिवसांचा कार्यक्रम ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. भावोजी वुडहाउस आणि जेन ऑस्टिन कोळून प्यायलेले. त्यांना लंडन नको, खेडी हवीत. कॉट्सवोल्ड्समधली मधाच्या रंगाच्या दगडांची घरं, लेक डिस्ट्रिक्टचे तलाव आणि डर्बीशरमधला चॅट्सवर्थ, म्हणजे ड्यूक ऑफ डेव्हनशरचा वाडा, एवढं त्यांनी कागदावर लिहूनच दिलंय.

चॅट्सवर्थबद्दल वाचताना एडन्सर हे गाव भेटलं. पूर्वी ते वाड्यातून दिसायचं. समोरचं उद्यान नव्याने सजवायचं ठरलं तेव्हा, अठराव्या शतकात, दृष्टीच्या टप्प्यात येणारी घरं हटवली गेली. पुढे सहाव्या ड्यूकने गाव टेकडीआड नव्याने बांधून घेतलं, तेही फार देखणं. म्हणजे ज्या मोकळ्या हिरव्या उतारांचे फोटो आपण काढणार, ते मोकळे आहेत कारण तिथली माणसं हलवली गेली. हे कळल्यावरही त्या उताराचं कौतुक करता येतं का, आणि करावं का, हा प्रश्न तेव्हापासून मला सोडत नाही.

त्याला एक सोपं उत्तर आहे, ते माझ्या शेजाऱ्यांनी लगेच दिलं: लुटारूंच्या घरी कौतुकाला कशाला जायचं? मी राहतो वरसाव्याला. (अंधेरीचं वर्सोवा नव्हे. घोडबंदर रस्ता अहमदाबादच्या हायवेला मिळतो ते, वाहतूक कोंडीच्या बातम्यांतलं.) खाडीच्या पलीकडे वसई. चिमाजीअप्पांनी जिंकलेल्या त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची फौज पदरी घेण्याचा तह केला आणि तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला. तेव्हा शेजाऱ्यांच्या म्हणण्याला इथे जरा जास्तच धार येते. भावोजींच्या लाडक्या कॉट्सवोल्ड्समध्येच सेझिनकोट नावाची हवेली आहे. कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये राहून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलची. वर तांब्याचा मोगली घुमट, बागेत चक्क सूर्याचं देऊळ. हिंदुस्थानातला पैसा त्या गवतावर इतका उघड उभा आहे की वाटाड्याची गरज पडू नये.

तरी हे उत्तर मला पुरत नाही. ‘ब्रिटिश’ नावाचा एकच इसम होता आणि त्याने ते डोंगर-कुरणं उपभोगली, असं ते गृहीत धरतं. ज्या झुडपांच्या कुंपणांवर भावोजी फिदा आहेत, त्यांतली कितीतरी पार्लमेंटने कायदे करून सामाईक जमिनी खाजगी केल्या तेव्हा लावलेली आहेत. गाय चारायची, सरपण गोळा करायचं गरिबांचं रान त्या कुंपणाआड गेलं. आणि चॅट्सवर्थच्याच जिल्ह्यात किंडर स्काउट नावाचं पठार आहे, तेही तेव्हा ड्यूकच्याच मालकीचं होतं, पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं. २४ एप्रिल १९३२ला मँचेस्टरकडचे शेकडो कामगार हेफील्डजवळच्या एका दगडखाणीत जमले आणि सरळ त्यावर चढले. पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा. पाच जणांना तुरुंगात टाकलं. १९४९मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि पायवाटांचा कायदा झाला, १९५१मध्ये तोच प्रदेश पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरला. २००२मध्ये, सत्तर वर्षांनी, अकराव्या ड्यूकने आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. इंग्लंडमध्ये आज कुणाच्याही शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटेवर आपण बिनधास्त चालतो, त्यात या तुरुंगवासाचाही वाटा आहे.

भावोजींनी यावर माझी चांगलीच पंचाईत केली. म्हणाले, “जयपूरला गेलो तेव्हा हे नाही सुचलं? किल्ल्यांवर जातोस तेव्हा दगड कुणी वाहिले विचारतोस?” विचारत नाही, हे खरं. वेठबिगारीशिवाय वाडे उभे राहिले नाहीत, आपलेही. पण यावरून ‘कुठेच विचारू नये’ असं निघत नाही. फार तर ‘सगळीकडे विचारावं’ एवढं निघतं. आणि प्रश्न विचारल्याने सौंदर्य नासतं, असाही माझा अनुभव नाही. एडन्सर माहीत झाल्यावर तो उतार मला कमी सुंदर वाटत नाही. फक्त तो कुणाच्या खिडकीतून सुंदर दिसतो, ते आता कळतं.

जास्त अडचणीचं आहे ते घराजवळचं. आमच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे आणि त्याच्या कडेला आदिवासी पाडे. रानात जाणाऱ्या त्यांच्या जुन्या वाटा कुठल्या नकाशात हक्काच्या म्हणून नोंदलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. घोडबंदर रस्त्याच्या टॉवरांच्या जाहिरातीत डोंगर असतो, खाडी असते, नावात ग्रीन, व्हॅली, मेडोज यांपैकी एखादा शब्द असतोच. पाडा मात्र त्या चित्रात कधी नसतो. एडन्सरला ड्यूकला निदान घरं पाडावी लागली. आमच्याकडे फोटोशॉपवर भागतं. आणि त्या चित्रातल्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर, मी राहतो; डोंगर दिसतो म्हणून जास्त पैसे मोजून.

शेवटी कार्यक्रमातून मी काहीच कापलं नाही. लेक डिस्ट्रिक्टचा एक दिवस कमी करून डर्बीशरला दोन मुक्काम केलेत. पहिल्या दिवशी चॅट्सवर्थ, आणि वाड्यातून बाहेर पडल्यावर एडन्सरपर्यंत पायी. दुसऱ्या दिवशी हेफील्डची ती दगडखाण आणि तिथून किंडरची वाट. भावोजींच्या गुडघ्यांना झेपेल तितकीच चढायची. सेझिनकोटही यादीत आहे. शेजाऱ्यांनी तिथल्या सूर्याच्या देवळाचा फोटो पाठवायला सांगितलंय.