धुके, उपाधी आणि जुना खेळ

संगणकीय खेळ नव्या यंत्रावर आणल्यावर तो तोच खेळ राहतो का, हा प्रश्न मुळात वस्तूच्या स्वरूपाचा आहे. वस्तूचे काही धर्म तिचे स्वतःचे असतात, काही उपाधीमुळे, म्हणजे शेजारच्या वस्तूच्या सान्निध्यामुळे, भासतात. जास्वंदीशेजारी ठेवलेला स्फटिक लाल दिसतो. फूल उचलले की लाली जाते, स्फटिक तसाच राहतो, हा शास्त्रकारांचा आवडता दृष्टांत. या न्यायाने जुने यंत्र ही उपाधी, आणि ते बाजूला केल्यावर खेळ अधिकच निर्मळ दिसायला हवा.

'सायलेंट हिल' या भयपटासारख्या खेळाच्या बाबतीत तसे झाले नाही. १९९९ साली पहिला खेळ प्लेस्टेशनवर आला. दूरवरचे गाव रेखाटणे त्या यंत्राला झेपत नव्हते, म्हणून ते धुक्यात आणि अंधारात झाकले गेले. २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर दुसरा भाग आला. यंत्र पुष्कळ ताकदवान, तरी धुके राहिलेच, कारण एव्हाना भीती त्यातच मुरली होती. नव्या यंत्रांसाठी काढलेल्या २०१२ च्या 'एचडी कलेक्शन'मध्ये ते विरळ झाले आणि नाव वल्हवण्याच्या प्रसंगात तळ्याचे पाणी जिथे संपते ती कड उघडी पडली. पलीकडे काहीच नव्हते.

हा निव्वळ हलगर्जीपणा, असे म्हणता येईल. खेळाची मालक कंपनी कोनामी हिच्याकडे मूळ प्रोग्रामची अंतिम प्रत उरली नव्हती. रूपांतर करणाऱ्यांना अपुऱ्या प्रतीवर काम भागवावे लागले. मग अचूक प्रत असती तर प्रश्न मिटला असता का? तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांच्या मते संगीतरचनेची ओळख स्वरलिपीत असते. एक स्वर चुकला तरी ते त्या रचनेचे वादन नव्हे. प्रोग्राम ही खेळाची स्वरलिपी मानली, तर १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' आडवा येतो. त्यात ५५ परग्रहवासी एकेक करून मरतात, तसे प्रोसेसरचे ओझे हलके होते आणि उरलेले वेगाने चालू लागतात. खेळाचा सगळा थरार या वाढत्या वेगात आहे. जलद यंत्रावर तो आपोआप येत नाही, मुद्दाम लिहून घालावा लागतो. म्हणजे इथे खेळ राखायचा तर लिपीच बदलावी लागते.

तेव्हा कसोटी उगमाची नाही, अवलंबनाची. एखादा धर्म अडचणीतून जन्मला असेल, पण बाकीची रचना त्याच्या आधारावर उभी राहिली की तो उपाधी उरत नाही. जुन्या खेळांतली प्रत्येक खोड मात्र या कसोटीला उतरत नाही. चकतीवरून माहिती येईपर्यंतचे ताटकळणे कोणालाही परत नको असते. १९९६ च्या 'रेझिडेंट ईव्हिल'ने तेच ताटकळणे संथपणे उघडणाऱ्या दारांमागे लपवले. ती दारे कोणत्या बाजूला धरायची, यावर दोन्हीकडून वाद घालता येतो.