नाचरा आकडा

कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरचा धूर ओढणाऱ्या आयडी फॅनला त्या वर्षी व्हीएफडी बसवला. तोवर पंखा हंगामभर पूर्ण वेगाने फिरायचा आणि ओढ जास्त झाली की डॅम्परने अडवायची. म्हणजे आधी वीज खर्चायची आणि मग तिलाच आडवं जायचं. व्हीएफडीने मोटरचा वेगच कमी-जास्त करता येतो. काम चांगलंच होतं. फक्त अग्निप्रदीपनाची तारीख ठरलेली, निमंत्रणं छापून झालेली, आणि मोटरच्या नव्या केबलसाठी वेगळा ट्रे टाकायला वेळ नव्हता. इन्स्ट्रुमेंट विभागात नुकताच आलेला तरुण इंजिनिअर म्हणाला, आमच्या सिग्नलच्या ट्रेमधून न्या. कागदावर सही केली आणि विसरला. घाईच्या दिवसांत अशा सह्या कुणाच्या लक्षात राहतात?

मोळी पडली, गाळप सुरू झालं आणि बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याच्या लेव्हलचा आकडा नाचायला लागला. पन्नास टक्क्यांवर हवा तो 47, 52, 49, 54. आकडा नाचला की फीड वॉटरचा व्हॉल्व्हही नाचतो, कारण तो आकड्याकडे बघूनच चालतो. पाळीवरचे लोक कुरकुरू लागले. इंजिनिअरने लेव्हल मोजणारा ट्रान्समीटर बदलला. आकडा नाचतच राहिला. पीएलसीचं अ‍ॅनालॉग कार्ड बदललं. तरी तेच. काढलेल्या ट्रान्समीटरला ‘खराब’ असं लाल टॅग लावून तो स्टोअरला पाठवला, कारण काहीतरी खराब निघालं असं दाखवावं तर लागतं.

चौथ्या दिवशी त्याला सोपा उपाय सापडला. त्याने पीएलसीमधलं डॅम्पिंग, म्हणजे आकड्याची थरथर गाळणारं फिल्टर, अर्ध्या सेकंदावरून तीस सेकंदांवर नेलं. आकडा जागच्या जागी बसला. ट्रेंडवरची करवतीसारखी रेघ सरळ झाली. चीफ इंजिनिअर खूश झाले. थोडं फिल्टरिंग सगळेच ठेवतात, ठेवावंच लागतं. उकळत्या पाण्याच्या सिग्नलला अगदी मोकळं सोडून चालत नाही. पण तीस सेकंद म्हणजे खरी लेव्हल एकदम बदलली, तर अर्ध्या मिनिटानंतरही पडद्यावर त्या बदलाचे जेमतेम दोन तृतीयांश दिसणार.

विभागातले जुने फोरमन तात्या त्या आठवड्यात रजेवर होते. त्यांच्या स्वतःच्या उसाला तोड आली होती, आणि तोडकरी फडात आले की मालकाला बांध सोडता येत नाही.

मग एका रात्री मिलमध्ये गव्हाणीत काहीतरी अडकलं आणि मिल थांबली. वाफेची मागणी पडली, ड्रममधला दाब वाढला, पाण्यातले बुडबुडे आकसले आणि लेव्हल खाली गेली. व्हॉल्व्हला ते उशिरा कळलं, म्हणून त्याने उशिरा आणि जास्त पाणी सोडलं. तेवढ्यात मिल पुन्हा सुरू झाली. वाफ खेचली गेली, बुडबुडे फुगले, लेव्हल वर आली. आकडा तिच्या मागून रांगत वर आला आणि व्हॉल्व्ह मिटला. म्हणजे ज्या वेळी वाफ भरभरून जात होती, नेमकं त्याच वेळी पाणी बंद. तो जुना बॉयलर फक्त लेव्हलवरच चालायचा. वाफेचा आणि पाण्याचा प्रवाह बघून आधीच सावध होणारी तीन घटकांची रचना तिथे नव्हती.

पडद्यावर पुरेसं पाणी होतं. बॉयलर अटेंडंटने मात्र गेज ग्लासकडे पाहिलं. ड्रमला पाणी थेट दाखवणारे गेज असावेत असा बॉयलरचा नियमच आहे, आणि ते का असावेत हे त्या रात्री दिसलं. काचेतलं पाणी तळाकडे चाललं होतं. पाणी असंच उतरत गेलं तर नळ्या कोरड्या पडून तापतात आणि फुटतात. त्याने खालूनच आरडाओरडा केला, लूप मॅन्युअलला घ्यायला लावला आणि पाणी हळूहळू वाढवून ड्रम सांभाळला. सकाळी तो इंजिनिअरला एवढंच म्हणाला, “साहेब, तुमचा आकडा लई शांत आहे. पाणी नाही.”

तात्या कामावर आले. त्यांनी काय बिघडलं असं विचारलं नाही.

“कधीपासनं?”

“हंगाम सुरू झाल्यापासून.”

“आणि फॅनची मोटर बंद असताना?”

हे कुणी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसं, फॅन बंद म्हणजे बॉयलर बंद.

सफाईसाठी गाळप थांबलं तेव्हा दोघे कॅलिब्रेटर घेऊन बसले. पडद्यावर डॅम्पिंगच्या आधीचा कच्चा आकडा लावला. ट्रान्समीटर सुटा करून तात्यांनी आधी फॅन चालू ठेवून पॅनलवरच 12 मिलिअँपिअर दिले. चार ते वीसमध्ये बारा म्हणजे बरोबर मधोमध. आकडा 50, दगडासारखा. तोच करंट वर ड्रमजवळच्या जंक्शन बॉक्समधून दिला, तर आकडा लगेच नाचू लागला. कार्ड निर्दोष, ट्रान्समीटर तर जोडलेलाच नाही. उरली मधली केबल. फॅन बंद केला. नाच थांबला.

या चार मिलिअँपिअरमागे मोठी हुशारी आहे. शून्य टक्क्यासाठी शून्य करंट न ठेवता चार ठेवला, म्हणजे तार तुटली की शून्य येतं आणि सिग्नल स्वतःच सांगतो की मी मेलो. मात्र त्याच्यात बाहेरचं काही मिसळलं, तर ते सांगायची सोय त्यात नाही. ते ज्याचं त्याने शोधायचं.

तात्यांनी ट्रेचं झाकण उघडलं. सिग्नलच्या बारीक केबलला बिलगून फॅनच्या मोटरची जाड केबल लांबवर गेलेली. व्हीएफडी सेकंदाला हजारो वेळा विजेचे तुकडे पाडून मोटरला देतो. ते धक्के शेजाऱ्याला लागणारच. शिवाय जंक्शन बॉक्समध्ये शील्ड अर्थ केलेलं आणि पॅनलमध्येही. बसवणाऱ्या वायरमनला वाटलं असेल, दोन्हीकडे अर्थ म्हणजे दुप्पट सुरक्षा. पण बॉयलरच्या लोखंडाचा अर्थ आणि कंट्रोल रूमचा अर्थ यांच्यात थोडा व्होल्टेज असतोच, आणि मग संरक्षणासाठी घातलेल्या जाळीतूनच करंट वाहू लागतो.

“ही केबल इथनं न्यायला कुणी सांगितलं?” तात्यांनी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं.

इंजिनिअर ट्रेकडे बघत राहिला. “मी,” तो म्हणाला.

तात्या काही बोलले नाहीत. पक्कड मागितली. जंक्शन बॉक्समधलं शील्ड अर्थवरून सोडवलं, त्याचं टोक टेप लावून बंद केलं आणि पॅनलकडचं तेवढं ठेवलं. सिग्नलची केबल ट्रेमधून उचलून दुसऱ्या बाजूच्या पाइपमधून नेली. मोटरची केबल जिथे ओलांडावी लागली, तिथे काटकोनात ओलांडली. फॅन चालू केला. ट्रान्समीटर जोडला. मग तात्या पडद्यापासून बाजूला झाले आणि इंजिनिअरला खुर्चीत बसवलं.

“डॅम्पिंग तुम्हीच काढा.”

त्याने तीसचं एक केलं. बॉयलर पुन्हा पेटून वाफेवर आला, तेव्हा आकडा 49.7, 50.2, 49.9 असा हलत होता. त्याचा हात पुन्हा सेटिंगकडे गेला.

“राहू द्या,” तात्या म्हणाले. “आत पाणी उकळतंय.”

दुपारी दोघे स्टोअरला गेले. लाल टॅगचा ट्रान्समीटर वर्कशॉपच्या बाकावर लावून 4, 8, 12, 16, 20 असा तपासला. प्रत्येक ठिकाणी बरोबर. इंजिनिअरने टॅग फाडलं आणि स्टोअरच्या रजिस्टरमध्ये ‘चांगला’ असं लिहून पेन खाली ठेवलं.

तात्यांनी पेन उचलून परत त्याच्या हातात दिलं. “आधी खराब कुणी लिहिलं होतं, तेही लिहा साहेब.”

त्याने लिहिलं. खालच्या ओळीत ट्रेच्या त्या सहीची तारीख घातली आणि पुढच्या ऑफ-सीझनसाठी वेगळ्या ट्रेची मागणी त्याच पानावर नोंदवली.