थकवा आणि विश्वास



सतत थकलेला मनुष्य विश्वासात उणा असतो काय? हा प्रश्न उघडपणे कोणी विचारीत नाही. परंतु आपल्या मंडळ्यांत तो नकळत वावरत असतो. सकाळी उठतानाच अंग मोडून आलेले, प्रार्थनेस बसताच डोळे मिटू लागणारे, उपासनेत चित्त न लागणारे असे कितीतरी जण आपल्यामध्ये आहेत. त्यांना आपण सहज सांगून जातो, ‘प्रार्थना वाढवा, प्रभूवर भार टाका.’ हा सल्ला खोटा नाही. परंतु तो पहिला सल्ला असावा काय, याचा विचार व्हावयास हवा.

पहिले राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील एलीया आठवा. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळविलेला हा संदेष्टा ईजेबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळाला. बैर-शेबा येथे चाकराला मागे ठेवून तो एकटाच रानात गेला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. अशा सेवकाला देवाने काय द्यावे? उपदेश? कानउघाडणी? देवाने त्याला झोपू दिले. मग दूताने त्याला स्पर्श करून उठविले, तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. तो जेवला आणि पुन्हा निजला. दूताने त्याला दुसऱ्यांदाही खाऊ घातले. होरेब डोंगरावरील तो मंद स्वर त्याच्या कानी पडला, तो यानंतर चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर. देवाने आधी शरीराची विचारपूस केली, मग मनाची. हा क्रम आपण उलटा का करतो?

शरीराची विचारपूस म्हणजे आज काय, हेही स्पष्ट सांगावयास हवे. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणे, मनाला ग्रासणारा नैराश्याचा आजार ही सारी दीर्घकाळच्या थकव्याची कारणे असू शकतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे उपासनेत ज्या भगिनीला डुलकी लागते, तिला आळशी ठरविण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घेणे हाच अधिक ख्रिस्ती मार्ग होय. आठवडे लोटले तरी थकवा उतरत नसेल, तर डॉक्टरांकडे जाणे हा अविश्वास नव्हे.

तथापि प्रत्येक थकवा औषधाने जातो असेही नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या अरण्यात राहणाऱ्या इव्हाग्रियस या तपस्व्याने आत्म्याच्या एका मरगळीचे वर्णन करून ठेवले आहे. भर दुपारी सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, राहती खोली नकोशी होते, हातचे काम व्यर्थ भासते आणि दुसरीकडे कोठेतरी बरे असेल असे मन सांगू लागते. यावर त्याने झोपेचा नव्हे, तर जागा न सोडता चिकाटीने टिकून राहण्याचा उपाय सांगितला. शरीर धडधाकट असता, झोप पुरेशी झाली असताही केवळ प्रार्थनेचा आणि कर्तव्याचाच कंटाळा येत असेल, तर स्वतःची परीक्षा करावी. परंतु ही परीक्षा ज्याची त्याने करावयाची आहे. शेजाऱ्याच्या थकव्यावर असा निवाडा देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्याला अडचणीत टाकणारे आहे. पुष्कळदा एकाच्या विश्रांतीचे मोल दुसऱ्याच्या थकव्याने चुकविलेले असते. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि परदेशी या सर्वांना लागू केली आहे. या यादीत पत्नीचा स्वतंत्र उल्लेख नाही. ‘तू’ म्हटले की तीही त्यात आलीच. पण आपल्या घरात ती खरोखर येते काय? रविवारी उपासनेहून परतल्यावर आपण टेकतो आणि ती पदर खोचून स्वयंपाकघरात शिरते. पाहुणे आले तर तिचा रविवार सोमवारहून जड जातो. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली, ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. दुर्बलाला विश्रांती आपोआप लाभत नाही. ती कोणीतरी मिळवून द्यावी लागते. आपल्या घरात ते कोणी करावयाचे?

आपला प्रभूही थकत असे, हे विसरू नये. शोमरोनातील याकोबाच्या विहिरीवर तो दमून बसला. वादळात हेलकावणाऱ्या मचव्यात तो उशी घेऊन झोपी गेला. देवाच्या पुत्राने ज्याची लाज बाळगली नाही, त्याची लाज आपण का बाळगावी?

एलीयाला शेवटी सोबती मिळाला. आपण एकटेच उरलो आहोत असे तो म्हणत होता. देवाने त्याला सात हजारांची आठवण दिली आणि नांगर धरलेल्या अलीशाकडे पाठविले. थकलेल्याचे ओझे वाटून घेणारा हात हीसुद्धा देवाची कृपाच आहे. म्हणून, वाचकहो, तुम्ही थकला असाल तर आधी निजा, जेवा, तपासून घ्या आणि मग होरेबाची वाट धरा. आणि थकलेले तुम्ही नसाल, तर येत्या रविवारी आपल्या घरात कोण थकले आहे ते पाहा, आणि चूल तुम्ही पेटवा.