गीता १७.२० : योग्य काळ कोणाचा?



आजचा श्लोक सतराव्या अध्यायातला विसावा. भगवंत इथे सात्त्विक दानाची लक्षणं सांगतात. द्यायला हवं म्हणून द्यावं, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला द्यावं, आणि देश, काळ, पात्र बघून द्यावं. पहिल्या दोन गोष्टी आपण कीर्तन-प्रवचनांत भरपूर ऐकतो. मी आज अडकलो ते ‘काळ’ या शब्दापाशी. शंकराचार्यांच्या भाष्यात देशासाठी कुरुक्षेत्राचं आणि काळासाठी संक्रांतीचं उदाहरण येतं. पुण्यभूमी आणि पर्वकाळ. पण मग हा काळ देणाऱ्याच्या पंचांगातला, की घेणाऱ्याच्या गरजेतला?

मी राहतो दक्षिण इंग्लंडमध्ये. डिसेंबरात इथे सूर्य चारच्या सुमारास मावळतो. घरामागे एका पानगळीच्या झाडाखाली सावलीचा पट्टा आहे, तिथे मी हेलेबोर लावलेत. इथले लोक याच्या जातींना ख्रिसमस रोझ, लेंटन रोझ म्हणतात, पण गुलाबाशी त्याचं काही नातं नाही. आपली कलौंजी आणि बचनाग ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड, आणि बचनागासारखंच विषारी. जुनी पानं कळ्या वर यायच्या आधी कापायची, तीही हातमोजे घालून. मातीत कुजलेला पालापाचोळा भरपूर हवा, पाणी मात्र साचायला नको. बियांपासून लावलं तर फुलायला दोन-तीन वर्षं सहज लागतात. एकदा रुजलं की तेच झाड वर्षानुवर्षं फुलत राहतं.

उन्हाळ्यात वरचं झाड सगळं ऊन अडवतं. हिवाळ्यात ते उघडं पडलं की जमिनीपर्यंत उजेड येतो, आणि नेमकं तेव्हा हेलेबोर फुलतं. फूल मान खाली घालून असतं, त्यामुळे पाऊस-बर्फ आत जात नाही. आपल्याला पाकळ्या वाटतात ती खरं तर निदलं. खऱ्या पाकळ्या आक्रसून छोट्या नळ्या झालेल्या असतात आणि त्यांत मध असतो. हिवाळा सरताना थोडं ऊन पडलं की बंबलबीची, म्हणजे त्या गुबगुबीत केसाळ मधमाशीची, राणी जमिनीखालून बाहेर येते. तिला लगेच खायला लागतं आणि आजूबाजूला फुलं जवळजवळ नसतात. जूनमध्ये याच मधाला तिच्या लेखी काय किंमत असती?

आता कोणी म्हणेल, झाड काही दान करत नाही, त्याला परागीभवन करून हवंय. बरोबर आहे. पुढच्याच श्लोकाप्रमाणे परतफेडीसाठी दिलेलं ते राजस. त्यामुळे हेलेबोरला संत करायचं कारण नाही. मी त्याच्याकडून एवढंच घेतो, की थेंबभर मध तोच असला तरी त्याचं मोल घेणाऱ्याचा काळ ठरवतो.

हे मला नीट कळलं ते बाबा गेल्यानंतर. तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. डबे इतके यायचे की आई तेच पुढे वाटायची. माझी रजा संपली, मी परत आलो. तिसऱ्या महिन्यात आई फोनवर सहज बोलून गेली, “आता संध्याकाळी कडी वाजत नाही रे.” त्याच सुमाराला कोपऱ्यावरच्या काकू यायला लागल्या. दर गुरुवारी, हातात गवार किंवा मटार. “एकटीनं निवडायचा कंटाळा येतो हो, तुम्ही जरा हात लावा,” म्हणायच्या. आईनं बाबांचा विषय काढला तर ऐकायच्या, नाहीतर भाजीच्या भावावर गप्पा. बाविसावा श्लोक सांगतो की सत्काराशिवाय दिलेलं दान तामस. काकूंच्या देण्यात एवढा मान होता की आपण काही घेतोय हे आईला जाणवतही नसे. उलट आपणच काकूंना मदत करतोय असं तिला वाटायचं.

मग तेरा दिवसांत येणारे चुकले का? मुळीच नाही. ते नसते तर आई कोलमडली असती. ते दिवस रूढी सांभाळते, आणि म्हणूनच रूढी हवी. रूढी संपते तिथून पुढचा काळ आपला आपल्याला ओळखावा लागतो. मला वाटतं, श्लोकातला ‘काळ’ या दोन्हींना कवेत घेतो. संक्रांत आपल्याला द्यायची सवय लावते, आणि ती सवय एखाद्या साध्या गुरुवारी कामाला येते.

आणि आमच्यासारख्या दूर राहणाऱ्यांचं काय? देश हातात नाही, काळ थोडाफार आहे. तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे इकडचे हिवाळ्यातले साडेबारा. माझी जेवणाची सुट्टी तेव्हाच असते, फोन तेव्हाच लावतो. त्यासाठी कॅलेंडरवर रिमाइंडर आहे. एका मित्रानं विचारलं, “रिमाइंडर लावून केलेलं प्रेम खरं कसं?” अरे, एकादशीही आपण पंचांग बघूनच करतो ना! तारीख बाहेरून आली तरी भाव आतूनच आणावा लागतो. फोनमुळे काकूंची जागा भरून निघते असा मात्र माझा दावा नाही. गवार निवडायला समोर बसावंच लागतं.

आजचा संकल्प : ज्यांच्या घरी दुःख होऊन तीन-चार महिने झालेत, असं एक घर आठवा. जवळ असेल तर या आठवड्यात जा, आणि जाताना काहीतरी निवडायची भाजी घेऊन जा.

राम कृष्ण हरि.