काटा एकच

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे मालक आण्णा. भंगाराचा ट्रक फाटकात आला की हातातला चहा तसाच ठेवून काट्यावर जायचे. गाडी आधी भरलेली तोलायची, मग रिकामी. दोन्ही वेळा ड्रायव्हर-क्लीनर खाली. एकदा भरलेल्या गाडीत पाण्याचं पिंप होतं आणि रिकामीत नव्हतं, एवढ्यावरून त्यांनी व्यापाऱ्याचे पैसे कापले होते.

बाहेर जाणाऱ्या मालाची रीत मात्र वेगळी. कास्टिंग नगावर विकलं जायचं, म्हणून ड्रॉइंगवरचं वजन गुणिले नग, अधिक कंटेनरच्या दारावर छापलेलं त्याचं रिकामं वजन. झालं. खरं तर 1 जुलै 2016 पासून माल पाठवणाऱ्यानं पडताळलेलं वजन सहीनिशी दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवत नाहीत. भरलेला कंटेनर तोलायचा, नाहीतर माल, पेट्या, अडकणीचं लाकूड सगळं तोलून त्यात रिकामं वजन मिळवायचं. अंदाज चालत नाही. आण्णा अंदाजावरच सही ठोकत.

डिस्पॅचच्या मामांना हे खटकायचं. साचा फुगला की कास्टिंग जड भरतं, पावसात भिजलेली पेटीही जड होते. ते ड्रॉइंगला काय ठाऊक?

"मामा, तेवढ्यानं जहाज बुडतंय व्हय?"

मामांनी 'एमएससी नेपोली'ची हकिकत सांगून पाहिली. जानेवारी 2007, इंग्लिश खाडीत वादळ, जहाजाचा सांगाडा तडकला, 26 जणांना वाचवावं लागलं. डेकवरचे कोरडे राहिलेले कंटेनर नंतर तोलले, तर पाचातल्या एकाचं वजन कागदापेक्षा तीन टनांहून जास्त चुकलेलं. बांधणीतही कमजोरी होतीच, सगळा दोष वजनाचा नव्हे. पण जड खाली, हलका वर ही रचना कागद बघूनच होते ना!

"त्यो इंग्लंडचा कारभार," आण्णा म्हणाले.

श्रावणातल्या एका सकाळी न्हावा शेव्याला जाणारा ट्रेलर भरून उभा होता. त्याच्या मागं भंगाराची गाडी, म्हणून आण्णा काट्यावर हजर. मामांनी ट्रेलरच आधी काट्यावर घेतला; माल भरण्याआधी तो रिकामा कंटेनर घेऊन आला तेव्हाच त्यांनी गुपचूप तोलून ठेवला होता. हिशेब मांडला. फॉर्मवरच्या आकड्यापेक्षा सतराशे किलो जास्त.

"काटा बिघडलाय!" आण्णा तापले.

मागं उभा असलेला भंगारवाला पुढं आला. "मालक, काटा बिघडलाय म्हंता? मग माझं कापलेलं पैसं बी बघूया की."

मामा खाली मान घालून रजिस्टर चाळू लागले. हसू आवरायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

आण्णांनी भरलेला फॉर्म फाडला, कोरा मागवला आणि काट्यावरचा आकडा स्वतःच्या हातानं लिहिला. सही करून भंगारवाल्याकडं वळले.

"आण तुझी गाडी. आणि क्लीनरला उतरव आधी."