दोन सारख्या नावा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता मुलीकडे हैदराबादला गेलो होतो. आमच्या देगलूरकडच्या जुन्या माणसांना हे शहर परके नाही. 1956 पर्यंत हीच आमची राजधानी होती.

नातवाच्या हट्टाने एका संध्याकाळी हुसेनसागरावर गेलो. काठाशी दोन नावा उभ्या होत्या. दोन्ही सपाट बुडाच्या, दोन्हींवर छत, भाडेही सारखेच. कोणत्या नावेत बसावे? एकीच्या बाकांवर सावली बरी, तर दुसरीचा कठडा बोटभर उंच. मी इकडून तिकडे हेलपाटे घालू लागलो. शेवटी सौ. म्हणाली, "अहो, मला बघायला आलात तेव्हासुद्धा एवढा वेळ घेतला नव्हता!"

हा पेच जुनाच आहे. अकराव्या शतकातील इस्लामी विचारवंत गझाली याने तो दोन खजुरांच्या दृष्टांताने मांडला. माणूस भुकेला आहे, समोर हुबेहूब सारखे दोन खजूर आहेत आणि घ्यायचा एकच. निवडीला कारण हवेच म्हटले तर बिचारा उपाशी राहील. युरोपात हीच गोष्ट दोन गवताच्या भाऱ्यांमध्ये उभ्या असलेल्या गाढवाच्या रूपाने सांगतात. गझालीचे उत्तर असे, की सारख्या वस्तूंतून एक उचलणे हेच तर इच्छाशक्तीचे काम.

मग तुलना करायचीच नाही काय? जरूर करावी. एकदा नीट पाहावे, विचारावे. पण त्यानंतरही फरक सापडत नसेल तर पुढचा खल म्हणजे निव्वळ चैन.

अखेर जवळची नाव धरली. नावाड्याने सर्वांना जीवरक्षक जाकिटे दिली. मी माझे बाकाखाली सारले. म्हटले, "तळ्यात काय बुडायचंय!" नातवाने लगेच विचारले, "आजोबा, मग मीपण काढू?"

मी ओशाळलो. समोर एकाच शिळेतून घडविलेली ती भव्य बुद्धमूर्ती उभी होती. 10 मार्च 1990 रोजी तीच मूर्ती तराफ्यावरून नेत असताना याच पाण्यात गेली आणि माणसेही दगावली. मूर्ती पुढे वर काढून 1992 मध्ये उभी केली. गेलेली माणसे परत आली नाहीत. हे सारे ठाऊक असलेला मी बोटभर कठड्यासाठी अर्धा तास झिजलो, आणि जिथे खरोखर जिवाचा प्रश्न होता तिथे क्षणभरही थांबलो नाही.

वाचकहो, जून महिन्यात माझ्या कचेरीत हेच दृश्य दिसते. पालक दोन सारख्या शाळांची माहिती घेऊन येतात. शुल्क, गणवेश, बस यांची तुलना चाललेली असते. मी विचारतो, "घरी संध्याकाळी मुलाजवळ कोण बसतं? त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता?" बहुतेक गप्प होतात. आपल्या भागात पोर घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि शाळेत इंग्रजी ऐकते. तीन भाषांच्या पाण्यात ते तरेल की नाही, हे शाळेच्या पाटीपेक्षा त्या संध्याकाळच्या तासावर अधिक अवलंबून असते. आणि तो तास कोणाला देता यायचा, तर आपल्यालाच.

बाकाखालचे जाकीट मी मुकाट्याने काढून चढवले. पट्टा मात्र नातवाने आवळून दिला.