सांगितले म्हणजे शिकविले काय?

वडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ क्षयाने आजारी झाले. गोळ्या सहा महिने घ्यावयाच्या होत्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, ताप गेला, आणि त्यांनी गोळ्या सोडल्या. पुढे आजार उलटला. आम्ही त्यांनाच बोल लावला, "सिस्टरने सांगितले होते ना?" ते म्हणाले, "सांगितलं होतं. पण बरं वाटल्यावरही गोळ्या कशाला, ते कळलं नव्हतं. विचारायची लाज वाटली."

मग दोष कोणाचा?

खोकला थांबला तरी जंतू शरीरात उरतात, व अर्धवट उपचाराने ते औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. हे 'का' कळल्याशिवाय नियम पाळणे कठीण. म्हणून परिचारिकेच्या कामात शिकविण्यापूर्वी पारख येते. रोग्याची भाषा कोणती, त्याला वाचता येते काय, घरी कोण आहे, भीती कशाची वाटते? शिकविल्यावर, "घरी सूनबाईंना काय सांगाल?" असे त्यालाच विचारावयाचे. "समजले का?" म्हटले की सगळेच मान डोलावतात.

सिस्टरला एवढा वेळ कोठे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे; भरलेल्या वॉर्डाचा भार तिच्या एकटीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम आरंभिले, तेव्हा त्यांनी खेड्यातील स्त्रियांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील पुष्कळ जणी निरक्षर होत्या. तरी शेजारणीच्या बोलीत त्या शेजारणीला समजावू शकल्या. जवळच्या माणसापाशी विचारण्याची लाज वाटत नाही.

याच वडोद्यातून सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिक्षणाची थोरवी आपल्याला कोणी सांगावयास नको. तरीही सांगून मोकळे होण्याची सवय आपल्यालाही आहे. शब्बाथ शाळेत मुलांनी वचन घडाघडा म्हटले की आपले समाधान होते. बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असूनही प्रभूने आधी त्याची इच्छा विचारली. आपण मात्र न विचारताच शिकवू लागतो.

त्या गृहस्थांचे औषध आता पुन्हा सुरू आहे. आजाऱ्याच्या भेटीस जाऊ तेव्हा प्रार्थनेबरोबर एवढेही करू या: दवाखान्यात काय सांगितले ते त्याच्याच तोंडून ऐकू या. जे उमगले नसेल, त्यासाठी आपला सल्ला न देता त्याच्याबरोबर सिस्टरकडे जाऊ या. आधी ऐकून घेणे हीदेखील सेवाच आहे.